शाब्बास म्हणायचं नाही

कीर्तनात टाळ धरणारा माणूस आहे मी. खोटं सांगून त्याच हातांनी टाळ कसा वाजवू? हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. जळगावात माझ्या थोरल्या बहिणीचं, सविताक्काचं घर. भर दुपार.

अक्काचे दोन मुलगे. थोरला युवराज, धाकटा समाधान. दोघंही आगीचे न् चोरीचे अलार्म बसवायचं काम शिकत होते. युवराज आधी लागला. धाकट्याला वायर सोलायला त्यानंच शिकवलं. पण समाधानचा हात पटकन बसला. सर त्याला शाब्बास म्हणायचे, आणि थोरल्याचं तोंड उतरायचं.

"मामा, माले कोनी म्हनत नही तसं," एकदा तो हसत म्हणाला.

डोळे हसत नव्हते.

त्या आखाजीआधीच्या हिवाळ्यात धुळे रस्त्यावर ट्रकनं युवराजची गाडी उडवली. जागीच गेला.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाची घागर पुजतात. त्याचं नाव घेऊन मांडे-तुपाचा घास निखाऱ्यावर टाकतात. ती आगारी. धूर वर गेला की घास पोचला.

समाधाननं सरावासाठी घरातच, छताला धूर ओळखणारा डिटेक्टर लावला होता. परीक्षा तोंडावर आलेली. पास झाला तर पाइपच्या कारखान्यात नोकरी पक्की. अक्काच्या घरात दुसरं कमावणारं कोण होतं?

"आगारीनं बोंबलेल हा," म्हणत त्यानं डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी चढवली. वायर सोडवली. बॅटरीही काढली.

अक्कानं युवराजचं नाव घेऊन घास टाकला.

धूर वर गेला... डिटेक्टर गप्प.

"शाब्बास रे समाधान! डोकं आहे बुवा तुला," मी म्हणालो.

आणि...

अलार्म वाजला.

टोपी तशीच. बॅटरी समाधानच्या मुठीत. टोपीआडून लाल दिवा दिसत होता.

मी रामकृष्णहरी म्हणत खिडक्या उघडल्या. धूर गेला. आवाज जाईना.

अक्का कितीतरी वेळ वर बघत होती. मग हळूच बोलली, "आरे युवराज... त्याले बठ्ठं काम तूच शिकाडेल शे ना, बाळा? तूच हुशार."

आवाज थांबला.

परीक्षेला मी सोबत गेलो. दाराबाहेर बसलो. समाधानचं काम चोख झालं असणार, कारण आतून परीक्षकांचा आवाज आला, "शाब्बास!"

...आख्ख्या केंद्रातले अलार्म एकदम वाजले.

"काय रे, वायर कुठं चुकवलीस?"

गेली नोकरी!

मग समाधानचा रडवेला आवाज आला, "सर, हे मला माझ्या भावानं शिकवलं. तो माझ्यापेक्षा चांगला होता."

सगळं शांत.

पोरगा पास झाला. मी पेढे वाटले, पण तोंडातून कौतुकाचा चकार शब्द काढला नाही.

परवा त्याचं लग्न ठरलं. अक्काच्या घरीच बैठक होती. मुलगी मृणाली, मोठी लाघवी. मला म्हणाली, "मामा, तुम्ही यांचं कधीच कौतुक करत नाही म्हणे! मी मात्र रोज करणार."

समाधाननं माझ्याकडे पाहिलं.

तो डिटेक्टर अजून तिथंच आहे. टोपीसकट. काढायची कुणाची छाती होत नाही.

मी हसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात...

टप्प.

टोपी मृणालीच्या पायाशी येऊन पडली.