काळ्या पडद्यामागचं गाव

"परत दाब! जोरात दाब!" ऋषी ओरडला.

"बटण आहे ते! नारळ फोडायचा नाहीये!" सिद्धीने त्याचा हात बाजूला सारला आणि चौथ्यांदा लॅपटॉप चालू केला.

आतला पंखा घुरघुरला. कंपनीचं चिन्ह झळकलं. आणि मग काहीच नाही! नुसता काळा पडदा, आणि वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक बारीक पांढरी रेघ.

"गुरुवारी तर मस्त चालत होता," अक्षदा हळूच म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आज शनिवार होता. उद्या चार वाजता सिद्धीचे दादाजी, म्हणजे सोहनलालशेठ, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघणार होते. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा केव्हाच गेला होता. डाव्या डोळ्याने त्यांना नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढंच दिसायचं. "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकली तर टिकली. ऑपरेशनमध्ये तीही जाऊ शकते," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि दादाजींना उद्या जे दाखवायचं होतं, ते सगळं या काळ्या पडद्यामागे अडकलं होतं.

ते होतं एक गाव! दादाजींचं जुनं गाव तीस वर्षांपूर्वी डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. दादाजी ओतूरला आले आणि त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. जुन्या गावात त्यांच्या समोरच्या घरात राहणारे भिमाजी पिंपरी पेंढारला शेती करू लागले. अक्षदा आणि ऋषी ही भिमाजींची नातवंडं. अक्षदा आणि सिद्धी आठवीत एकाच वर्गात होत्या. मे महिन्याची सुट्टी लागल्या दिवसापासून तिघांनी दोन्ही म्हाताऱ्यांना विचारून विचारून ते गाव थ्रीडीमध्ये बांधलं होतं. बाजाराची गल्ली, मारुतीचं देऊळ, जैनांचं देरासर, नदीवर उतरणारी वाट! बाणाची बटणं दाबली, की त्या गल्लीतून चालता यायचं. दादाजींना अजून त्यांनी एक दगडसुद्धा दाखवला नव्हता.

लॅपटॉप सिद्धीच्या मोठ्या चुलतभावाचा. नोकरीला जाताना तो त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून देऊन गेला होता. लॅपटॉप बारा-तेरा वर्षांचा होता, पण त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. त्याच्या जोरावरच ते गाव हलायचं.

"काय झालं रे पोरांनो?" दारातून पीयूषकाकांनी डोकावलं. सिद्धीचे हे धाकटे काका. घरातला टीव्ही, इन्व्हर्टर, गिझर, सगळ्याचे स्वयंघोषित डॉक्टर! त्यांनी लॅपटॉप उलटा केला, कानाशी धरला आणि मान हलवली. "कार्ड उडालं. डबा झाला याचा. आण इकडे, फॉरमॅट मारून देतो."

"फॉरमॅट?" सिद्धी किंचाळली. "मग आतलं सगळं पुसलं जाईल ना!"

"नसतं मिळत सगळंच! जुनी वस्तू आहे ती!"

सिद्धीने लॅपटॉप छातीशी धरला आणि ती थेट माळ्यावरच्या कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसली. मागोमाग ते दोघेही.

"आपण दुसरीकडे कॉपी का नाही ठेवली?" अक्षदाने विचारलं.

उत्तर सोपं होतं. आळस!

मग सिद्धीला चुलतभावाने शिकवलेली एक गोष्ट आठवली. तिने तीन बटणं एकदम दाबली. पडदा काळाच राहिला, पण त्यावर पांढरी अक्षरं उमटली. मशीन नाव विचारत होतं!

"जिवंत आहे! आतून जिवंत आहे!" ऋषीने उडी मारली आणि त्याचं डोकं तुळईवर आपटलं.

त्या अक्षरांच्या पडद्यावर चित्र काहीच नव्हतं, पण आज्ञा टाइप करता येत होत्या. गावाची फाईल जागेवरच होती. सिद्धीने ती आधी पेनड्राइव्हवर घेतली, आणि तिघं धावतच एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "बाहेरचे प्रोग्रॅम इथं टाकायचे नाय. प्रिंट पाहिजे असल तर सांगा." शाळेची लॅब सुट्टीमुळे बंद. मोबाईलवर ती फाईल उघडेना. तिघं तापलेल्या रस्त्याने परत आले.

"फाईल वाचली, पण दाखवायची कशावर?" अक्षदा म्हणाली.

"याच्यावरच!" सिद्धीने लॅपटॉपवर थाप मारली. "पण आधी सांगा, गुरुवार ते शनिवार यात झालं काय? काल तर आपण दिवसभर तुमच्याकडे होतो, पिंपरी पेंढारला. मग याला हात कुणी लावला?"

"चोर?" ऋषीचे डोळे चमकले.

"चोर लॅपटॉप बिघडवून जातो का रे? घेऊनच जाईल की!"

लिनक्सला एक छान सवय असते. कोणता प्रोग्रॅम कधी टाकला, कधी काढला, याची तो आपली आपण नोंद ठेवतो. सिद्धीने ती नोंद उघडली. ओळीमागून ओळी वर सरकल्या. शेवटची नोंद वाचताना अक्षदाचं बोट थांबलं.

"शुक्रवार. दुपारी दोन वाजून चौदा मिनिटं. नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला. आणि बाकीचंही कायकाय नवीन केलंय बघ!"

"ड्रायव्हर?" ऋषीने विचारलं. "गाडी चालवणारा?"

"कार्ड चालवणारा. तो एक प्रोग्रॅम असतो. तो नसेल तर मशीनला कार्डाशी बोलताच येत नाही."

"काल दोन वाजता घरी कोण होतं?"

"दादाजी झोपलेले. आई-बाबा दुकानात. आणि..." सिद्धी थांबली. "पण काका तर म्हणाले, कार्ड उडालं!"

"थांब," ऋषी म्हणाला. "मी विचारतो. मी लहान आहे, माझ्यावर कुणी संशय घेत नाही."

पीयूषकाका ओट्यावर उसाचा रस पीत बसले होते. ऋषी गरीब चेहरा करून त्यांच्यापाशी गेला. "काका, तुम्हाला कॉम्प्युटरचं लई कळतं ना? मला सांगा, सिद्धीच्या लॅपटॉपमध्ये नवीन काही टाकायचं तर पासवर्ड लागतो म्हणे. तो तर कुणालाच सापडणार नाही!"

"हॅ!" काका हसले. "त्यात काय अवघड! जन्मतारीख तर टाकलीये तिने! पहिल्याच झटक्यात उघड..."

काका थांबले. दाराआडून सिद्धी आणि अक्षदा बाहेर आल्या.

"काल दोन वाजून चौदा मिनिटांनी, काका?" सिद्धीने विचारलं.

काकांनी ग्लास खाली ठेवला. "अगं, मला वाटलं फास्ट होईल! मोबाईलवर वाचलं होतं, सगळं नवीन टाकलं की मशीन पळतं. म्हटलं, पोरींना खूश करू."

"मग कार्ड उडालं असं का सांगितलंत?"

काकांनी ग्लास उचलला आणि ते आत सटकले. गुन्हेगार सापडला होता! पण त्याने गाव काही दिसायला लागलं नाही.

मग सुरू झालं खरं काम. सिद्धीने दुसरी नोंद उघडली, मशीन चालू होताना काय काय झालं त्याची. शेकडो इंग्रजी ओळी! अक्षदाने मधलीच एक पकडली आणि अडखळत वाचली. "हे कार्ड जुन्या ड्रायव्हरवर चालतं. सध्याचा ड्रायव्हर या कार्डाकडे दुर्लक्ष करील."

"म्हणजे नवीन ड्रायव्हर आपल्या कार्डाला ओळखच देत नाही!" सिद्धी म्हणाली. "मग नवीन काढायचा, जुना टाकायचा. सोपं!"

सोपं? कसलं सोपं! आईच्या मोबाईलचं इंटरनेट जोडलं. नवीन ड्रायव्हर निघाला. जुना डाउनलोड व्हायला पाऊण तास लागला, आणि टाकताना मशीनने तोंडावर फेकलं: चूक! पुन्हा केलं. पुन्हा चूक! मध्येच वीज गेली आणि म्हातारी बॅटरी सात मिनिटांत मेली. सूर्य मावळायच्या आत जेवायला बसायची हाक आली, तेव्हा सिद्धीच्या वहीत सहा प्रयत्न लिहिलेले होते आणि सहाही खोडलेले होते.

रविवारी सकाळी अक्षदा आणि ऋषी पहिल्या एसटीने आले. या वेळी भिमाजीही बरोबर होते. ते दादाजींपाशी जाऊन बसले. दादाजींची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

सातवा प्रयत्न. सगळे ड्रायव्हर काढून टाकले, तर मशीनच्या स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर पडदा उजळला!

"आलं! आलं!" ऋषी नाचायला लागला.

सिद्धीने गावाची फाईल उघडली. गल्लीचं टोक दिसलं. तिने बाणाचं बटण दाबलं. काही नाही. अर्ध्या मिनिटाने चित्र एक पाऊल सरकलं, आणि पडदा गोठला तो गोठलाच.

आठवा प्रयत्न, चूक. नववा, चूक. प्रत्येक वेळी तीच तक्रार: जुना ड्रायव्हर मशीनच्या नव्या गाभ्याशी, म्हणजे लिनक्सच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रॅमशी, जुळत नाही. घड्याळात दोन वाजून गेले.

सिद्धीने वही मिटली. "नाही होणार."

"अगं, अजून..."

"नाही होणार, अक्षदा! कार्डाला जुनाच ड्रायव्हर लागतो, आणि जुना ड्रायव्हर नव्या गाभ्यावर बसत नाही. मग करायचं काय? ते गाव एकदा बुडालं ना, आता पुन्हा बुडलं!" आणि ती गठ्ठ्यात तोंड खुपसून रडायला लागली.

ऋषीला काय करावं कळेना. तो शेजारी बसून तिच्या वहीतल्या खोडलेल्या ओळी मोजायला लागला.

अक्षदा मात्र शुक्रवारची ती नोंद पुन्हा वाचत होती. हळूहळू, एकेक शब्दावर बोट ठेवून.

"सिद्धी, इथे लिहिलंय, नवीन गाभा टाकला."

"माहितेय मला."

"पण जुना काढला, असं कुठे लिहिलंय?"

सिद्धीने डोकं वर केलं. तिने ओळी चाळल्या. एकदा, दोनदा. जुना गाभा काढल्याची नोंद कुठेच नव्हती!

"म्हणजे तो आतच आहे? मशीन त्याच्याकडे जात नाही, एवढंच?"

"मग त्याला न्यायचं कसं?" ऋषी ताडकन उठला.

लॅपटॉप बंद करून चालू केला. या वेळी सिद्धीने सुरुवातीलाच एक बटण दाबून धरलं. एक यादी उघडली. खाली, अगदी शेवटी, जुना गाभा होता. तिने तो निवडला. पांढरी अक्षरं धावली. जुना ड्रायव्हर टाकायची आज्ञा, दहावी वेळ. तिघं श्वास रोखून बसले.

चूक आली नाही.

पुन्हा एकदा मशीन बंद, पुन्हा चालू, पुन्हा तीच यादी. गावाची फाईल उघडली. सिद्धीने बाणाचं बटण दाबलं, आणि गल्ली सरसर पुढे आली!

सिद्धीने लॅपटॉप तसाच चालू ठेवून उचलला, अक्षदाने वायर धरली, आणि तिघं जिना उतरले. घड्याळात साडेतीन झाले होते आणि बाहेर गाडी येऊन थांबली होती.

"दादाजी, इकडे बघा. जवळ या. अजून जवळ."

दादाजींनी डावा डोळा पडद्याजवळ नेला. सिद्धीने गल्लीतून चालायला सुरुवात केली. मारुतीचं देऊळ गेलं. देरासर आलं, तसे दादाजींनी हात जोडले. सिद्धीने पडदा आणखी जवळ सरकवला. त्यांना नीट दिसतंय का?

"थांब," दादाजी एकदम म्हणाले. "मागे घे. हे माझं दुकान?"

"हो."

"पायऱ्या चार केल्यात. तीन होत्या."

"चार व्हत्या, शेठ!" भिमाजी पुढे सरसावले. "एक मातीत गाडलेली व्हती. म्या ठेच खाल्लीय तिच्यावर, मला इचारा!"

"तीन!"

"चार!"

आणि दोघं म्हातारे एकदम हसायला लागले. हसता हसता दादाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते घाईघाईने पुसलं, कारण पाण्यामुळे समोरचं दिसत नव्हतं.

पंचवीस मिनिटं ते त्या गावात फिरले. पीयूषकाकांनी गाडीवाल्याला दोनदा थांबवलं. मग त्यांनी सगळ्यांसमोर कान पकडले. "चूक माझी. आणि दुरुस्त केली या पोरांनी! मला असलं जन्मात जमलं नसतं."

"लई गुणाची लेकरं हायेत," भिमाजी म्हणाले. "सरकारनं गाव पाण्यात घातलं, ह्यांनी बाहेर काढलं."

दादाजींनी तिघांच्या डोक्यांवर एकेक करून हात ठेवला. "आता काहीही होवो," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा दादाजींच्या डाव्या डोळ्यालाही फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. सिद्धीने कितीतरी दिवस लॅपटॉप उघडलाच नाही.

मग एका रविवारी दादाजींनी तिला हाक मारली. "नदीच्या वाटेवर पिंपळ होता. त्याला पार होता. तो तुम्ही घातलाच नाहीत."

"पण दादाजी, आता बघणार कोण?"

"भिमाजी बघेल आणि मला सांगेल," दादाजी म्हणाले. "चुकीचं सांगेल. मग मी भांडेन. चल, घे तो लॅपटॉप!"