त्यांच्या नावाची रेघ

"हात लावू नकोस त्यांना!"

इकुयो एवढ्या जोरात ओरडली की समोर बसलेल्या आत्याच्या हातातला चहा हिंदकळला. चित्रकार एइसाकु कुराहाशी यांच्या मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी नुकतेच आटोपले होते. भिक्षू निघून गेला होता, उदबत्तीचा धूर अजून खोलीत रेंगाळत होता, आणि मिसाओ कपाटातून नवऱ्याच्या मूळ चित्रांचे गठ्ठे काढून मुलीच्या हवाली करत होती. साकाताच्या वाचनालयात त्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं. ते काम इकुयोनं अंगावर घेतलं होतं.

"काय चुकलं गं माझं?" मिसाओनं हळूच विचारलं.

"काय चुकलं? बाबा स्वतः म्हणाले होते मला, तुझ्या आईनं माझी रेघ बिघडवली म्हणून! आणि माझं काय केलंस? नऊ वर्षांची होते मी, आत्याच्या दारात सोडून गेलीस. वळूनसुद्धा पाहिलं नाहीस! जिला पोटची पोर नकोशी झाली, तिनं आता ही माया दाखवू नये."

आत्या खाली मान घालून बसली. मिसाओच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं... आणि तिथूनच मागे फिरलं. "ने बाई," ती म्हणाली, "सगळं ने. मध्ये पुठ्ठे घाल, नाहीतर कोपरे दुमडतील."

काय सांगणार होती ती! आणि कुणाला दिलेला शब्द मोडून!

एकाहत्तर सालच्या वसंतात काचबिंदूनं एइसाकुंची नजर नेली. 'मोगामीचा नावाडी' ही त्यांची साप्ताहिकातली चित्रकथा तेव्हा ऐन भरात होती. दर आठवड्याला अठरा पानं, देशभरचे वाचक नावाडी आणि त्यानं सांभाळलेली पोरकी ओसायो यांच्यासाठी जीव टाकायचे. मिसाओ तोवर फक्त मागची झाडं, पाऊस आणि नदीचं पाणी रेखाटत असे. त्या आठवड्यात एइसाकु भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू काढ. माणसंही तूच काढ. पण हे बाहेर कळलं, तर मी जीव देईन."

तिनं काढलं. एका आठवड्याऐवजी अकरा वर्षं काढलं!

आणि घरातली नऊ वर्षांची पोर? ती शाळेत बोलेल, शेजारी बोलेल... म्हणून इकुयोला साकाताला आत्याकडे धाडलं. स्टेशनकडे परतताना मिसाओ वळली नाही, कारण वळली असती तर पाऊल पुढे पडलंच नसतं. नव्या वर्षाला दोन दिवस मुलगी यायची, तेव्हा एइसाकु गडद चष्मा लावून खुर्चीत बसायचे, "डोळे जरा दुखताहेत" म्हणायचे. पुढे ब्याऐंशीत चित्रकथा संपली, आणि तेव्हाच कुठे त्यांची दृष्टी गेल्याचं जगाला सांगण्यात आलं.

ज्या माणसासाठी हे सगळं केलं, त्या माणसाला मात्र तिचा हात सोसवेना. वाळलेल्या शाईवरून बोट फिरवत ते म्हणायचे, "ही माझी रेघ नाही. भेकड आहे ही!" एकदा त्यांनी तयार पानांवर दौत उपडी केली. मिसाओनं फरशी पुसली, मिसो सूप गरम करून त्यांच्यापुढे ठेवलं, आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. मरणाच्या दारातही त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "इकुयोला सांगू नकोस. तिच्यापुढे तरी मला चित्रकार राहू दे..."

तिनं मान हलवली होती.

प्रदर्शनाला बारा दिवस उरले असताना भर दुपारी दार वाजलं. दारात इकुयो उभी होती, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. चपला काढायचंही भान न राहता ती तशीच आत आली आणि एक चित्र तिनं आईपुढे धरलं. ओसायो नावेच्या कडेला बसली होती; तिच्या डाव्या मनगटावर चंद्रकोरीसारखा भाजल्याचा डाग होता.

इकुयोनं स्वतःची बाही वर सारली. तोच डाग! तस्साच!

"बारा वर्षांची असताना आत्याकडे किटली सांडली होती माझ्या हातावर. आई, बाबांनी माझा हात कधी धरून पाहिला नाही गं! नव्या वर्षाला घरी आले तेव्हा मलम तू लावलं होतंस. मी बाबांचे संपादक नागामिने-सान यांना विचारलं. ते बिचारे माझ्यापुढे गुडघे टेकून रडले. म्हणाले, आम्हा संपादकांना सगळं ठाऊक होतं..."

मिसाओनं त्या डागावरून हलकेच बोट फिरवलं.

"बोल ना! ओसायोचा पडलेला दात माझा. शाळेत रागानं कापलेले केस माझे. वर्षानुवर्षं मी तुझ्या कागदावर होते, आणि तुला मी नकोशी झाले असं समजत होते!"

"दुसरं काय होतं माझ्याजवळ?" मिसाओचा आवाज फुटला. "तुला न्हाऊ घालता येत नव्हतं, तुझी वेणी घालता येत नव्हती... मग तिची घालायचे."

"मला घरी का नाही ठेवलंस? मी कुणाला काही बोलले नसते!"

"नऊ वर्षांची होतीस, बाळा."

"म्हणूनच तर आई हवी होती ना मला!"

 इतकी वर्षं ज्याला मिसाओ त्याग म्हणत आली होती, त्याचं खरं रूप तिला लख्ख दिसलं. ती मुलीपुढे वाकली, कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकली. "मी माझं काही दिलंच नाही गं... जे दिलं ते तुझं होतं! तुझं बालपण उचलून मी त्यांच्या हाती ठेवलं. तुला न विचारता. क्षमा करू नकोस हवं तर, पण एवढं ऐक, ते मला कळलंय."

 इकुयो खाली बसली आणि आईच्या पाठीवर डोकं टेकवून लहान मुलीसारखी रडली. क्षमेचा शब्द तिनं उच्चारला नाही. पण त्या दिवशी ती परत गेली नाही. दोघींनीच मुळ्याचं लोणचं आणि भात समोरासमोर बसून खाल्ला, तेवीस वर्षांनी.

"नाव मात्र त्यांचंच राहू दे," मिसाओनं बजावलं. "शब्द दिलाय मी."

"बरं," इकुयो म्हणाली. तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

प्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी वाचनालयात गर्दी लोटली. मासळीबाजारातून थेट आलेली एक पोक्त बाई मिसाओपुढे लवून म्हणाली, "तुम्ही कुराहाशी सेन्सेईंच्या पत्नी ना? भाग्यवान हो! एवढा मोठा हात तुमच्या घरात नांदला!"

"आभारी आहे," मिसाओ सवयीनं वाकली.

"तो हात हिचा आहे!"

सगळे वळले. इकुयो चित्रांपुढे उभी होती. "ओसायोचा चेहरा, ही नदी, अकरा वर्षांतलं पानन् पान... माझ्या आईनं काढलंय!"

मिसाओनं दिलेला शब्द मोडला होता. तिनं नसेल, पण तिच्या लेकीनं मोडला होता! आधी तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. नागामिने-सान पुढे आले आणि सर्वांसमक्ष तिच्यापुढे खोल वाकले. तेव्हा कुठे कुजबुज थांबली. मग त्या बाईनं ओलावल्या डोळ्यांनी आपलं जुनं, वाचून वाचून मऊ पडलेलं पुस्तक तिच्यापुढे उघडलं. "ताई, सही द्याल?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिची सही मागत होतं! मिसाओनं लेखणी घेतली. हात सराईतपणे, एका झोकात कागदावरून फिरला, आणि तिनं खाली पाहिलं.

एइसाकु कुराहाशी.

अकरा वर्षं दर आठवड्याला तिनं हेच तर लिहिलं होतं. तिच्या हाताला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं! ती कागदाकडे पाहत राहिली, आणि पुढचं पान उलटून लेखणी पुन्हा तिच्या बोटांत देताना इकुयोचे अश्रू त्या कोऱ्या पानावर टपटप पडू लागले.