पाचवी गोळी

चंद्रहास हातातलं काम अर्धवट सोडणाऱ्यांतला नव्हता. भोसरीच्या टूलरूममध्ये शिकलेला माणूस. बारा वर्षांपूर्वी परदेशात, दक्षिण गोलार्धातल्या पुकेकोहेला आला तेव्हापासून एका इंजिनिअरिंग कंपनीत मोजमापाचं काम करत होता. "यांना गरम पोळी वाढली तरी आधी जाडी मोजतील," असं त्याची बायको स्नेहलता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

शिकारीचा नाद इथल्या सहकाऱ्यांनी लावला. त्यांच्यातल्याच एकानं निवृत्त होताना आपली चाळीस वर्षांची जुनी, लांब पल्ल्याची रायफल चंद्रहासला विकली. गेल्या वर्षीच्या एप्रिलात तौपोच्या पलीकडच्या डोंगरात त्यानं दरीपलीकडच्या एका नर हरणावर ती झाडली. अंतर दोनशे ऐंशी मीटर. हरणाच्या खांद्यावर धरलेला नेम मागच्या पायावर गेला. हरीण पाय ओढत झुडपात घुसलं. चंद्रहास आणि त्याचा मित्र सुगत दोन दिवस रक्ताचा माग काढत राहिले. ओढ्याजवळ मागही संपला.

जनावर मारल्याचं चंद्रहासला कधी वाईट वाटलं नव्हतं; मांस घरी यायचं, चार घरांत वाटलं जायचं. पण हे असं अर्धमेलं सोडून येणं त्याच्या जिव्हारी लागलं. ते कुठे पडलं असेल, किती दिवस जिवंत राहिलं असेल, हे विचार जेवताना यायचे आणि घास खाली उतरायचा नाही.

मग त्यानं रायफलच्या नळीत कॅमेरा घालून पाहिलं. गोळी जिथून सुटते तिथलं पोलाद हजारो बारांनी खाल्लं होतं. दोष सापडला म्हटल्यावर त्याला कोण हायसं वाटलं! त्यानं ठरवूनच टाकलं: नवी नळी बसवायची, तीही स्वतःच्या हातानं, आणि ती खरी ठरल्याशिवाय कुठल्याही जनावराकडे रायफल रोखायची नाही.

गॅरेजमधल्या लेथवर इथला, मार्चपर्यंतचा सगळा उन्हाळा त्यात गेला. जुन्या नळीत आतून पिळाच्या चार खाचा होत्या, नवीत सहा; सुटणाऱ्या गोळीवर त्या तशाच उमटतात. आटे पाडले, काडतूस बसायचं चेंबर कापलं, नळी सरळ फिरते का ते डायल लावून पुनःपुन्हा तपासलं. काटा हलायचं नाव घेईना. गुढीपाडव्याला नळी रायफलवर चढली. स्नेहलतेनं तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. चंद्रहासनं तळहातावर पाणी घेतलं आणि मोठ्यानं म्हटलं, "माझ्या हातून एकही जनावर अर्धमेलं राहणार नाही." आणि पाणी सोडलं.

"अहो, देशकाल राहिला की," स्नेहलता म्हणाली. "संकल्पात आधी जागा सांगतात, वेळ सांगतात."

"पुकेकोहेत बसून भरतखंडे म्हणू? देवासमोर खोटं कशाला बोला."

"मग इथलं म्हणायचं. तुमचं आपलं काहीतरीच."

पुढच्या शनिवारी तो क्लबच्या रेंजवर गेला. बरोबर सुगत होता. सुगत मूळचा नागपूरचा. आता जवळच्या मनुरेवात राहायचा आणि रस्त्यांची कामं बघायचा. चंद्रहासनं तीनशे मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या. सुगतनं दुर्बीण डोळ्याला लावली.

"स्वीट अ‍ॅज, एक नंबर, दादा! रुपयाएवढ्या जागेत सगळ्या. पण चारच दिसून राहिल्या."

"पाचवी आधीच्या भोकातून गेली असेल."

कागद जवळ आणून मापला. भोकं चार. वेग मोजायच्या यंत्रावर मात्र पाच आकडे होते, आणि पाचवा इतरांसारखाच.

दुसऱ्या खेपेला त्यानं कागदामागे दाराएवढा प्लायवूड उभा केला. चार भोकं. रायफलवरची दुर्बीण बदलली. चार. नव्या डब्यातली काडतुसं घेतली. चार. सुगतनं झाडल्या तेव्हा पाचच्या पाच कागदावर आल्या. चंद्रहासनं लगेच त्याच बाकावरून, त्याच डब्यातल्या घेतल्या, पुन्हा चार. हरवायची ती नेहमी पाचवीच. दुसऱ्या कुणी रायफल विकून टाकली असती. चंद्रहासनं प्रत्येक कागदावर तारीख घातली आणि तो पुढच्या शनिवारी पुन्हा हजर झाला.

सातव्या खेपेला हवा दमट होती. अशा हवेत दुर्बिणीतून गोळीची वाट दिसते, उन्हात तापलेल्या डांबरावर हवा हलते तशी. पाचव्या बारानंतर सुगतनं डोळा दुर्बिणीवरून काढलाच नाही.

"काय झालं?"

"दादा, ती कागदापर्यंत गेलीच नाही. अलीकडेच थांबली."

"थांबली म्हणजे? पडली?"

"पडली नाही. लागल्यावर थांबते ना, तशी थांबली. पण तिथे लागायला काहीच नाही."

"किती अलीकडे?"

"वीसेक मीटर."

चंद्रहासनं वजाबाकी केली. दोनशे ऐंशी. त्यानं रायफल पुसून पेटीत ठेवली.

"पुढच्या आठवड्यात तौपोला जायचं," तो म्हणाला. "त्याच दरीत."

"वर्ष झालं रे, दादा. सोड ना आता."

"सोडलं होतं, तीच चूक झाली."

मे महिना होता, इथली थंडी सुरू झाली होती. उजाडताना ते दोघे दरीत उतरले तेव्हा गवत हिवानं पांढरं झालं होतं आणि बुटांखाली कुरकुरत होतं. गेल्या वर्षी ते उताराच्या बाजूनं शोधत गेले होते, कारण जखमी जनावर पाण्याकडे जातं. या वेळी हरीण जिथे उभं होतं तिथून चंद्रहास वर चढला. तीस पावलांवर झुडपांआड एक लहानसं मोकळवन होतं. तिथे हाडं पडली होती.

बरगड्यांतून नेचे उगवले होते. शिंगांवर शेवाळ होतं आणि शेवाळावर हिव. मागच्या पायाच्या वरच्या हाडात त्याची जुनी गोळी रुतलेली होती. बाजूनं अर्धवट जुळलेलं हाड जाड झालं होतं.

"हाड जुळायला आलं होतं," चंद्रहास म्हणाला. "म्हणजे बरेच दिवस जगलं, सुगत. या पायानं परत इथवर चढलं."

त्यानं गुडघे टेकून सुरीनं भोवतालची माती उकरली. तांब्याची एक गोळी निघाली. मग दुसरी. अंगठ्यानं माती पुसून त्यानं ती उजेडात धरली.

सहा खाचा.

सुगतनंही मोजल्या.

मातीतून सात निघाल्या. सगळ्या हाडांच्या आसपास, एकही जनावराला न लागलेली. आठवी मानेच्या मणक्यात होती. मणका फुटला होता. तिच्यावरही सहा खाचा होत्या.

"सात हरवल्या होत्या ना आपल्या?" सुगतनं विचारलं.

"सातच."

"मग ही कुणाची?"

चंद्रहास उठला. त्यानं मणक्यातल्या गोळीला हात लावला नाही. रायफल खांद्याला अडकवून तो गेल्या वर्षी जिथून बार काढला होता त्या समोरच्या कड्याकडे चालू लागला.

"दादा, इथे मारायला काही नाही. टार्गेट दिसल्याशिवाय बार काढायचा नसतो. तूच शिकवलंस मला."

"माहीत आहे. दुर्बीण घे, सगळी दरी बघ. माणूस नाही ना, एवढं पक्कं सांग."

सुगतनं तीन वेळा दरी पाहिली. माणूस नव्हता, काहीच नव्हतं.

चंद्रहास गेल्या वर्षीच्या जागी पालथा झोपला. पहिल्या चार गोळ्या त्यानं मोकळवनाखालच्या दरडीवर झाडल्या. चार वेळा माती उडाली.

मग त्यानं नळी किंचित वर उचलली.

त्याला भीती वाटत होती. हात मात्र स्थिर होते. मोकळवनात पांढरं गवत होतं आणि नेचे होते. उभ्या जनावराची मान जिथे आली असती तिथे, रिकाम्या हवेत, त्यानं नेम धरला. श्वास अर्धा सोडला.

बार झाला.

माती उडाली नाही. आवाज दरीत फिरून विरला.

"थांबली," सुगत हलकेच म्हणाला.

पुन्हा तिथे पोचायला त्यांना वीस मिनिटं लागली. ऊन अजून दरीत उतरलं नव्हतं. सगळं गवत तसंच गोठलेलं होतं.

फक्त हाडांभोवतीचं हिव वितळलं होतं. तेवढंच गवत हिरवं आणि ओलं दिसत होतं. कुशीवर पडलेल्या हरणाच्या आकारात: भरदार पाठ, पोट, लांब मान, चारही पाय, सगळं काठोकाठ.

सुगतनं खाली वाकून तिथे तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला.

"दादा," तो म्हणाला, "अजून गरम आहे."