कडक आवाजाची कॅसेट

सेल आणायला मी शालिमारच्या बाजारात गेलो होतो, एवढंच काम. आणले आणि रोबोच्या पोटात घातले. रोबो म्हणजे आमच्या नाशिकरोडच्या क्लासमध्ये रंगनाथ सरांनी बनवलेला पत्र्याचा माणूस. पोटात टेपरेकॉर्डर. मुलानं उत्तर दिलं की सर मागून बटण दाबणार, रोबो बोलणार. कॅसेटी दोन, एक गोड बोलणारी, एक कडक. बोलण्याच्या सुरावरून मुलांचं मत कसं बदलतं, ते सरांना बघायचं होतं.

आवाज माझा. मी क्लासमध्ये वरकाम करणारा, कुणाशी बोलतच नाही, म्हणून मुलं ओळखणार नाहीत म्हणे! बदल्यात सर माझा सतरा नंबरचा फॉर्म भरणार होते. आठवीत शाळा सोडलेल्याला दहावीला बसायची तीच एक वाट.

गोड कॅसेट झाली, शनिवारी वर्गात वाजलीसुद्धा. कडक काही होईना. ‘मठ्ठा, एवढंही येत नाही?’ हे ऐकूनच मी शाळा सोडली होती. बंद खोलीतसुद्धा ते तोंडातून निघेना. स्वतःचाच वैताग आला. शेवटी कोरी कॅसेट कपाटात ठेवली आणि सरांना ‘झाली’ म्हणालो. सोमवारी लवकर येऊन करू म्हटलं. रविवारी हरसूलला मावशीकडे लग्न होतं. आणि सोमवारी नेमकी एसटी वाटेत बंद पडली!

पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. जिन्यात तापलेल्या वायरीचा वास. मुलांचा गलका नाही. वरून सावकाश, माझाच आवाज आला...

“मठ्ठा, एवढंही येत नाही?”

तीस मुलं हात बाकावर ठेवून बसली होती. दाराजवळची निकिता कुजबुजली, “दादा... हा खरं खरं रागावतोय.”

“आणि शनिवारचा?”

“तो बरा होता. तो चुकू द्यायचा.”

मुलं गेल्यावर बाहेरच्या खोलीत सर खुशीत होते. “वाळू, लेका, मी तुला मुका समजत होतो!” त्यांनी फॉर्मवर सही केली.

“सर, थांबा. ती कॅसेट कोरी आहे. मी खोटं बोललो. फॉर्म नका भरू.”

“पुरे रे तुझा लाजाळूपणा! काल दुपारी खिडकीतून पाहिलं ना मी तुला. तासभर ओरडत होतास.”

“काल मी हरसूलला होतो, सर...”

“वाळू, डोकं नको खाऊ!” सर खरंच चिडले. मग आवाज उतरवून म्हणाले, “पण समोर त्या पोराला कशाला बसवलंस? आठवीतलं असेल. बिचाऱ्यानं शेवटपर्यंत मान वर केली नाही.”

सर पायऱ्या उतरून गेले. नावाची जागा मला भरायची होती. मी मान खाली घालून पेन टेकवलं.

वर्गातून, कुणी बटण न दाबता, आवाज आला.

“वर बघ.”

सूर गोड नव्हता. कडकही नव्हता.