हजेरीतली दहावी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

पण आमची ताई, माझी मावसबहीण, थापा मारणाऱ्यांतली नाही. हे सांगताना ती दोनदा उठून ओकून आली.

सोमवार होता. दुपारचे तीन, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे तिच्या विद्यापीठातला व्यायामाचा हॉल.

ताई दुसऱ्या वर्षाला. नव्या मुलींना रुळवायचं काम तिच्याकडे होतं. दहा जणींचा गट, आणि त्यातच तिची सख्खी धाकटी बहीण, बारकी. बारकी तीन दिवस धड जेवली नव्हती.

"ताई, मला घरी जायचंय." एवढाच धोशा.

तिसऱ्या दिवशीही नऊच जणी आल्या. दहावी होती बारकीची रूममेट. ह्या बाईसाहेब होस्टेलवर अजून उगवल्याच नव्हत्या.

तीन दिवस गैरहजर राहिलं की होस्टेलची खोली रद्द. मग बारकीलाही लांबच्या इमारतीत हलवलं असतं, आणि ती त्याच दिवशी बॅग भरून निघाली असती. वर्ष पाण्यात.

ताईने इकडेतिकडे बघितलं आणि दहावीच्या नावापुढे 'हजर' लिहून टाकलं.

कोणाच्या बापाचं काय जातंय?

मग खेळ सुरू झाला. गोल उभं राहायचं, डोळे मिटून हात मध्ये घालायचे, हाताला लागतील ते दोन हात धरायचे. नंतर डोळे उघडून, हात न सोडता गुंता सोडवायचा. बारकीला धीर म्हणून ताईही गोलात शिरली.

डाव्या हातात बारकीचा हात आला. तो ती झोपेतही ओळखेल.

उजव्या हातात...

ओला. फुगलेला. रात्रभर बादलीत भिजलेल्या पावासारखा मऊ.

ताईने दचकून बोटं आवळली, तर आतलं हाड राहिलं जागेवर आणि वरची कातडी... सरकली.

शी!

तिने किंचाळून डोळे उघडले. उजवा हात रिकामा. तळव्यावर पांढरट, चिकट काहीतरी. बंद डब्यात आठवडाभर सडलेल्या मांसासारखा वास.

समोर नऊ जणी. आणि बारकी तीन दिवसांत पहिल्यांदा हसत होती.

"ए, कोण गं इतकं घट्ट धरतंय?" ती म्हणाली.

तिच्या दुसऱ्या हाताजवळ कोणीच नव्हतं.

ताईने साबणाची अख्खी वडी झिजवली, वास जाईना. तशीच ती होस्टेलच्या ऑफिसात धावली.

"काका, चुकून हजेरी लागली. ते नाव काढा हो, पाया पडते."

कारकून काकांनी नाक मुरडलं. "आता कसं काढू? पोरगी आत्ताच किल्ली घेऊन गेली. ही बघ सही."

वहीच्या पानाचा भिजून लगदा झाला होता. काकांनी हात पँटला पुसला... आणि हुंगून तोंड वाकडं केलं.

ताई दोन-दोन पायऱ्या चढत खोलीत पोचली. बारकी पलंगावर बसून जेवत होती. मचमच आवाज करत, बोटं चाटत. तिच्या बोटांवर तोच पांढरट चिकटा होता.

"हात धू आधी!" ताई ओरडली.

"कशाला?" बारकी म्हणाली. "ताई, मी आता कुठे जात नाही. ही आहे ना माझ्याबरोबर."

शेजारचा पलंग रिकामा होता. गादीतून थेंब... टप टप... गळत होते.

ताईने तिला ओढलं, हातापाया पडली, मावशीला, म्हणजे तिच्या आईला, फोन केला. मावशी उलट हिच्यावरच उखडली. "रुळली पोर एकदाची, तर तुझं भलतंच काय? गप बस!"

हजेरी हिनेच लावलेली. आपलेच दात, आपलेच ओठ.

सुट्टीत ताई आधी घरी आली, मागाहून बारकी. बारकी गुटगुटीत झाली होती, मावशी हरखून गेली. दारातच बारकीने धावत येऊन ताईला मिठी मारली.

ताईने श्वास रोखला. लहानपणापासून जिला कडेवर घेऊन फिरली, त्या बहिणीची तिला शिसारी आली. तिने तिला ढकलून दिलं.

बारकी रडली नाही. ओठांतल्या ओठांत कोणाला तरी म्हणाली, "बघ. तू म्हणालीस तसंच झालं."

सुट्टी संपली, बारकी परत त्याच खोलीत गेली. ताई मात्र आमच्याकडे राहतेय. परवा विचारत होती, "तिला आणायला जाऊ या का रे? पण तिचा हात... तू धरशील?"