मागच्या सीटची थरथर

माझ्या थापा ऐकून तुम्ही सगळे शहाणे झालात, तेव्हा हेही खरं मानू नका. नुसतं ऐका, आणि तो दिवा जरा इकडे सरकवा.

दुपार होती. कारागीर जेवायला गेलेले. गॅरेजचं शटर अर्धं ओढून मी पाठ टेकणार, एवढ्यात व्याही गाडी घेऊन आले. गाडी मालकाची हो. आमच्या व्याह्यांची फक्त ड्रायव्हरची टोपी. लांबलचक, काळी गाडी, दारसुद्धा अदबीने लागणारी. मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे मान खाली घालावी म्हणतात. माझी गाड्यांखालीच असते, म्हणून मी बिनधास्त चेष्टा करतो.

"काय व्याही, तोंड का पंक्चर झालंय?"

"आज चेष्टा नको हो." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मागे काहीतरी थरथरतं, टकटक वाजतं. कंपनीच्या वर्कशॉपने कॉम्प्युटर लावून बघितला. म्हणाले, दोष नाही. मालक म्हणतात, मग तूच कुठेतरी आपटलीस. संध्याकाळपर्यंत आवाज गेला नाही तर किल्ली ठेवून घरी जा म्हणालेत. या वयात मला दुसरं कोण ठेवणार?"

त्यांच्या घरात माझी मुलगी आहे. चेष्टा बाजूला ठेवून मी शटर वर केलं.

गाडी वर घेतली. चाकं फिरवली, सायलेन्सर हलवला, इंजिनाचे रबर दाबून बघितले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखं सगळं अंग तपासलं. लोखंड गाढ झोपलेलं. कंबर धरून बाहेर आलो, गाडी खाली घेतली आणि इंजिन चालू ठेवायला सांगून मागे जाऊन बसलो.

आत चामड्याचा वास होता. त्याच्याखाली आणखी एक, डोक्याला चोळायच्या मलमाचा. सीटवर तळवा ठेवला. थरथर होती. बारीक, एकसारखी. मधेच दम खाल्ल्यासारखी थांबायची, पुन्हा सुरू. आणि खाली, पायांजवळ... टक... टक...

"इंजिन बंद करा," मी म्हणालो.

"केव्हाच केलंय..."

इंजिन बंद, आणि तरीही गाडी थरथरत होती.

गाड्यांचे ठेके मला पाठ आहेत. हा गाडीचा नव्हता. कोणाची वाट बघून कंटाळलेला माणूस बसल्या जागी पाय हलवतो ना, तो हा.

"इथे आधी कोण बसायचं?"

व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "थोरले मालक. आत्ताच्या मालकांचे वडील. हे आत बैठकीत, आणि ते इथे वाट बघत. मुलाबरोबरच घरी जायचं, असा त्यांचा हट्ट. शेवटच्या दिवशीही बसून होते. मालक बाहेर आले तेव्हा... गार पडले होते."

शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते. पण व्याह्यांचा पांढराफटक चेहरा दिसला आणि माझी जित्याची खोड वर आली. मी उतरलो, दार सताड उघडं धरलं आणि गिऱ्हाइकांच्या बाकाकडे हात करून लवून म्हणालो, "उतरा, थोरले मालक. किती अवघडून बसाल? या बाकावर पाय मोकळे करून बसा निवांत. मुलगा येईल न्यायला."

गाडीची मागची बाजू सावकाश वर आली. वजन उतरलं की येते, तशी.

थरथर थांबली.

मालकांनी संध्याकाळी गाडीतून चक्कर मारली, काही बोलले नाहीत. व्याह्यांची नोकरी राहिली. "मामंजी किती दिवसांनी शांत झोपले," मुलगी म्हणाली.

आणि इकडे माझा बाक हलतो. गिऱ्हाईक टेकतं, इकडेतिकडे बघतं, "उभाच बरा" म्हणून उठतं. मलमाचा वास येतो. मालकांनी एकदा इकडे यावं म्हणून व्याह्यांकरवी दोनदा निरोप धाडला. वेळ मिळाला की बघू, असं उत्तर आलं. म्हाताऱ्याला हाकलायला मी तोंड उघडतो आणि मिटतो. हाकलला तर जाऊन बसणार कुठे? त्याच गाडीत. मग किल्ली ठेवून घरी येणार कोण?

म्हणून रोज दुपारी सांगतो, "निघालाय हो मुलगा, वाटेत आहे." थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण या एका थापेने दमलो बघा. कारागिरांना सांगितलं तर पोट धरून हसतात. आयुष्यभर त्यांना फसवलं, आता काय बोलणार.

परवापासून बाकाचं दुसरं टोकही हलायला लागलंय. तो ठेका वेगळा आहे. संथ, जड. घाबरून व्याह्यांना फोन केला, मालक बरे आहेत ना? म्हणाले, ठणठणीत, आत्ताच सोडून आलो.

मग दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, आणि कोणाची वाट बघतंय... ते मी अजून विचारलेलं नाही.