बिबड्यांची ज्वारी

यशोधरेने किराणा दुकानात अगरबत्तीचे पाच पुडे मागितले आणि मागून कुणीतरी हसलं. हसणं ओळखीचं होतं. समोरच्या खोलीत भाड्याने राहणारा अभिमन, हायस्कूलच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. सगळी गल्ली त्याला अभिमनभाऊ म्हणायची. यशोधरेने मात्र दोन वर्षांत एकदाही त्याला भाऊ म्हटलं नव्हतं. नुसत्या ‘अहो, ऐका’वर ती वेळ मारून न्यायची. एवढं करूनही ज्याला काही कळत नाही, त्याला काय म्हणावं?

“पाच पुडे? उरूस भरवताय का घरी?”

“वास येतोय घरात. आईने बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घातलीय.”

बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. त्यासाठी ज्वारी तीन-तीन दिवस पाण्यात आंबते, आणि मार्चच्या उन्हात तो आंबूस दर्प घरभर भरून राहतो. एरवी पाचोऱ्यात कुणी नाक मुरडलं नसतं. पण सकाळीच धुळ्याहून कार्ड आलं होतं. रविवारी मुलगी पाहायला येतो. मुलगा बँकेत, कायम नोकरीवर. तिच्या वडिलांना, नानांना, आनंद मावेना आणि आईने कपाळावर हात मारला.

“आते काय ज्वारी फेकू? सोमवारे गल्लीन्या बठ्ठ्या बाया येतीन.”

खरंच होतं ते. एका घरच्या बिबड्या साऱ्या गल्लीच्या बायका मिळून घालतात, आणि ठरलेला वार पाहुण्यांसाठी हलत नाही.

“अगरबत्तीने वास जात नाही,” अभिमन म्हणाला. “एकाचे दोन होतात, इतकंच. कोळसा लागेल. पण एवढी घाई कसली?”

“रविवारी… मला पाहायला येताहेत.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने हातातली साखरेची पुडी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

“मग तर घालवायलाच हवा,” तो म्हणाला.

पाचही पुडे त्याच्या डोक्यात घालावेत असं तिला वाटलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर तो कोळशाची पाटी घेऊन हजर झाला. कोपऱ्याकोपऱ्यात कोळसा मांडला, मोरीत चुना टाकला, दारं लावून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. इतकं मन लावून काम तर घरच्या भावानेही केलं नसतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

“डोळ्यांना पाणी आलंय तुमच्या,” ती म्हणाली.

“धूर आहे ना.”

“धूर मलाही आहे की… पण मी काही लपवत नाहीये.”

त्याने ज्वारीची दोन्ही घमेली उचलली आणि जाता जाता आईला म्हणाला, “मावशी, ही माझ्याकडे ठेवतो. मूळच घरात राहिलं तर वास जायचा कसा?”

रविवारी पाहुणे आले. घरात कसलाही वास नव्हता. मुलाच्या आईने घराच्या टापटिपीचं तोंड भरून कौतुक केलं. मुलगा शांत, हसतमुख… नाव ठेवायला जागा नव्हती. जागा असती तर बरं झालं असतं, असं यशोधरेला चहा देताना वाटत होतं. तीनच्या बसने मंडळी गेली.

“मानसे चांगला शेतस,” नाना म्हणाले. “सकायले होकारनं कार्ड टाकसू. तुनं काय म्हननं शे?”

“ज्वारी घेऊन येते आधी,” म्हणून तिने गल्ली ओलांडली.

अभिमनचं दार बंद, खिडक्या बंद. दार उघडलं तशी तिला शिसारीच आली. त्या कोंदट खोलीत तो घमेल्यांशेजारी घामाघूम बसला होता.

“खिडकी तरी उघडायची!”

“वारा तुमच्या घराकडे होता.”

यशोधरा उंबऱ्यातच बसली. “एवढं कशासाठी केलंत?”

“तुमचं चांगलं व्हावं म्हणून.”

“माझं चांगलं कशात आहे, विचारलंत कधी?”

त्याने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, “माझी नोकरी दुसऱ्याच्या रजेवरची. जूनमध्ये असेल, नसेल… आणि तो मुलगा—”

“त्याचं मला माहीत आहे. तुमचं सांगा.”

“माझं… सकाळी तुम्ही दारात दिसल्याशिवाय माझ्या खोलीला कुलूप लागत नाही. कितीतरी वेळा शाळेला उशीर झालाय. तुम्ही गेलात तर मला इथे राहवणार नाही, यशोधरा.”

दोन वर्षं ती या एका वाक्यासाठी झुरली होती. आता ऐकलं, तर हसूही येईना आणि रडूही आवरेना.

“हे मला सांगून काय उपयोग?” ती कशीबशी म्हणाली. “नाना सकाळी कार्ड टाकताहेत.”

अभिमन उठला. एक घमेलं त्याने घेतलं, दुसरं तिने. समोरच्या दारात नाना कोरं कार्ड मांडीवर घेऊन बसले होते. अभिमनने घमेलं खाली ठेवलं आणि उभ्या उभ्या, अडखळत, सगळं सांगितलं. रजेच्या जागेसकट. आई आतून ऐकत होती. यशोधरेने नजर वर केली नाही.

नानांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कार्ड खिशात घातलं आणि खाटेवर सरकून जागा केली.

“पहिले हात धुई ये,” ते म्हणाले. “मंग आठे बस.”